पाणी दिलेलं आणि रंग दिलेलं

जानेवारीत आमच्या वडगाव रासाईच्या मळ्यात पहाटे पहिला आवाज येतो तो कानशीचा. भीमेवरचं धुकं अजून उसात अडकलेलं असतं, ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉल्या फडाच्या कडेला उभ्या असतात आणि बीड, पाथर्डीकडून आलेली जोडपी शेकोटीशी बसून कोयत्याला धार लावत असतात. एका बाजूने सात-आठ हात, दुसऱ्या बाजूने दोन-तीन. मग अंगठा पात्यावर आडवा फिरवून खात्री करायची आणि फडात शिरायचं. दिवस मावळेपर्यंत असं चार-पाच वेळा चालतं.

ऊसतोडीत कोयता हे माणसं मोजायचंही माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा गडी म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि टोळी केवढी ते सांगायचं तर किती कोयत्यांची ते सांगायचं. मजुरी मात्र टनावर मिळते, त्यामुळे बोथट कोयत्याचा भुर्दंड थेट पोटावर बसतो. त्यात ऊस तोडायचा जमिनीलगत, कारण साखर बुडख्यात जास्त असते. जमिनीलगत तोडायचं म्हणजे पात्याला माती लागणार, खडा लागणार, धार जाणारच. म्हणून कधीच बोथट न होणारा कोयता तोडकऱ्याला नको असतो. त्याला हवा असतो दहा-बारा हात कानस मारली की परत बोलायला लागणारा कोयता.

अवजारांच्या जाहिराती नेमक्या इथेच गंडतात. मोबाईलवर कुऱ्हाडी, कोयते, सुऱ्या विकणारे बहुतेक सगळे ‘सर्वात कडक पोलाद’ म्हणून छाती ठोकतात. पोलादाची कडकता मोजायची रॉकवेल नावाची मोजपट्टी आहे. चांगल्या कानशीची कडकता तिच्यावर साठीच्या पुढे असते, तर कुऱ्हाडीच्या धारेची साधारण पन्नास ते अठ्ठावन्नच्या दरम्यान ठेवतात. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. धार कानशीइतकी कडक केली तर कानस तिच्यावरून नुसती सरकते, धार लावता येत नाही, आणि गाठीवर घाव बसला की धारेचा टवका उडतो. वस्तऱ्याला जी कडकता शोभते ती कुऱ्हाडीत खोट ठरते.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका खोक्याचं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने दिवाळीला मला कुऱ्हाड पाठवली. ऑनलाइन घेतलेली. लाकडी खोका, आत वाळलेलं गवत, पात्याला चामड्याची म्यान. दांड्याचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या, लाल आणि निळ्या पट्ट्यांनी रंगवलेला. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, जिला हल्ली सरसकट ‘दमास्कस’ म्हणतात. सोबत एक चिठ्ठी होती, तिच्यात जंगल, वारसा आणि स्वातंत्र्य हे शब्द होते. वजन आणि पोलादाची जात यांचा उल्लेख नव्हता. घरात तिचं कौतुक झालं. सूनबाईने ती खंडेनवमीला पूजेत ठेवायचं ठरवूनही टाकलं, अजून अकरा महिने होते तरी.

रंगीत दांड्याच्या कुऱ्हाडीची कल्पना आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. 2009 साली न्यूयॉर्कमध्ये पीटर ब्युकॅनन-स्मिथ या ग्राफिक डिझायनरने ‘बेस्ट मेड’ नावाची कंपनी काढली. साध्या कुऱ्हाडीचा दांडा त्याने ठसठशीत रंगांच्या पट्ट्यांनी रंगवला आणि ती शहरातल्या, आयुष्यात झाड न तोडलेल्या माणसांना भारी किमतीला विकली. लोकांनी त्या कुऱ्हाडी दिवाणखान्यात भिंतीवर टांगल्या. झाडं तोडणाऱ्यांनी तिची भरपूर टिंगल केली, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिचं पातं खोटं नव्हतं. ते नॉर्थ कॅरोलायनातल्या, 1886 पासून कुऱ्हाडी घडवणाऱ्या ‘कौन्सिल टूल’ या कारखान्यातून येत होतं. किंमत मात्र वाढली ती रंगाने आणि गोष्टीने. पुढे या कल्पनेच्या नकला निघाल्या. त्यांत रंग आला, गोष्ट आली, पातं राहून गेलं. माझ्या खोक्यातली त्यांपैकीच एक.

मिरवायची कुऱ्हाड ही काही आजची गोष्ट नाही. युरोपात आल्प्सच्या डोंगरातल्या हिरव्या जेड दगडाच्या, आरशासारख्या घासलेल्या कुऱ्हाडी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी पार ब्रिटनपर्यंत पोचल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींनी लाकूड कधी पाहिलंच नव्हतं. मानाच्या वस्तू होत्या त्या. आपल्याकडची परिस्थिती जरा काटकसरीची. आमच्याच शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं आणि इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तांबं त्यांना ठाऊक होतं, पण ते दुर्मिळ होतं. रोजचं कापणं-सोलणं चालायचं ते गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या बारीक पात्यांवर. या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला ज्याचं नाव मिळालं त्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्यांना दांडा घालायला भोक नाही. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत, माहुरझरीसारख्या ठिकाणी, लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. त्यांनाही भोक नाही. पातं दांड्याला धरून ठेवायला त्यांच्यावर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आवळलेल्या आहेत. कुऱ्हाड दांड्याला कशी धरून राहील हा प्रश्न अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहारालाही छळत होता, हे त्या पट्ट्यांवरून दिसतं.

मलाही त्याच प्रश्नाने छळलं. बांधावरची एक वाळलेली बाभूळ फोडायला मी ती कुऱ्हाड घेतली. पहिल्या तासात दांड्याचा रंग घामाने चिकट झाला आणि तळहाताला फोड आला. गुळगुळीत व्हार्निशवर हात घसरत नाही, चिकटतो, आणि चिकटला की कातडी सोलते, हे तेव्हा कळलं. जुने लोक दांडा काचेच्या तुकड्याने तासून वरून नुसतं तेल का चोळतात, तेही. दुसऱ्या दिवशी पातं डुगडुगायला लागलं. तिसऱ्या दिवशी गाठीवर घाव बसला आणि धार दुमडली, पत्र्याची कड दुमडावी तशी. मी कानस लावली तर ती साबणात शिरावी तशी शिरली, आणि चार हातांत दमास्कसच्या लाटा पुसून गेल्या. हल्लीच्या खऱ्या दमास्कसमध्ये दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टीत एकजीव केलेले असतात, त्यामुळे कितीही घासलं तरी पुन्हा आम्ल लावलं की नक्षी खालून परत निघते. ही नक्षी आम्लाने वरवर काढलेली होती.

ती घेऊन मी लोहारमामांकडे गेलो. त्यांचा भाता अंधाऱ्या छपराखाली आहे. मला आधी वाटायचं ही गरिबी, पण ते अंधारातच हवं असतं. लोखंड किती तापलं ते रंगावरून ओळखायचं, आणि उन्हात लाल रंगाच्या छटा दिसत नाहीत.

मामांनी खोक्याकडे पाहिलंही नाही. पातं ऐरणीवर हलकेच आपटून आवाज ऐकला. कानशीची कोपऱ्याची धार पात्याच्या टोकाला लावून एकदा ओढली.

“ह्याला पाणीच नाय दिलेलं,” ते म्हणाले. “नुसता रंग दिलाय.”

हे पाणी म्हणजे काय, ते सावकाश सांगतो, कारण चांगल्या अवजाराचं अर्धं मर्म त्यात आहे. साध्या लोखंडात, म्हणजे बाजारात ज्याला माईल्ड स्टील म्हणतात त्यात, कर्ब शेकडा पाव भागाच्या आतच असतो. ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतकं कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब शेकडा अर्ध्या भागाच्या थोडा वर असतो. म्हणून गावोगावचे लोहार भंगारातला पाटा शोधतात. असा पाटा पिकल्या बोरासारखा लाल झाला, साधारण आठशे अंशांच्या आसपास गेला, की लोखंडाच्या कणांची आतली मांडणी बदलते आणि कर्ब तिच्यात विरघळतो. हळूहळू निवला तर कर्ब पुन्हा वेगळा होतो. पण एकदम पाण्यात बुडवला तर कर्बाला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो आत कोंडला जातो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. ठिसूळही तेवढंच. ही झाली निम्मीच कामगिरी. बरेच हौशी लोक इथेच थांबतात आणि मग त्यांच्या कोयत्याचे तुकडे पडतात.

मामा पातं पूर्ण बुडवत नाहीत. फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात धरतात, बाहेर काढतात आणि विटेच्या तुकड्याने धार भराभर घासून पांढरी करतात. माथ्याकडचा भाग अजून धगधगत असतो. त्याची ऊब हळूहळू धारेकडे सरकायला लागते आणि त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत येतात: आधी गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्याच्या मागे निळा. रस्त्यावरच्या पाण्यात डिझेल सांडलं की जसे रंग दिसतात त्याच जातीचे हे रंग. पोलादावर धरणाऱ्या गंजाच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे ते दिसतात आणि पापुद्रा जाड होईल तसे बदलतात. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, जांभळा म्हणजे दोनशे ऐंशीच्या. धारेवर तपकिरी संपून जांभळा शिरायला लागला की मामा पातं झटकन पाण्यात सोडतात. आता धार कडक पण न तुटणारी, आणि तिच्यामागचं अंग चिवट, घावाचा दणका पचवणारं. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. मामांकडे ना थर्मामीटर, ना घड्याळ.

पाणी दिलेली वस्तू आणि न दिलेली वस्तू दुकानात शेजारी ठेवली तर डोळ्यांना एकसारखी दिसते. ग्राहकाला दिसतो रंग, दिसते म्यान, दिसते नक्षी. म्हणून विकणारा खर्च तिथेच करतो. यात त्याचा लबाडपणा आहेच, पण निव्वळ लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. जे दिसतच नाही ते विकायचं कसं?

जुन्या गावाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झालं, त्यात बलुतेदारांची व्यवस्था तपशिलात आहे. लोहार थोरल्या ओळीतला बलुतेदार. त्याला नगावर पैसे नव्हते. वर्षभर फाळ, कुऱ्हाडी, विळे शेवटून, म्हणजे नवी धार काढून, द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. या व्यवस्थेतली उतरंड आणि अन्याय मला ठाऊक आहे आणि तिचे गोडवे गायची माझी इच्छा नाही. पण एक गोष्ट तिच्यात आपोआप होत होती. वाईट पाणी दिलं तर ते अवजार चार दिवसांनी त्याच भात्यावर परत यायचं आणि दुरुस्ती फुकटात करावी लागायची. घडवणारा आणि वापरणारा एकमेकांना चुकवूच शकत नव्हते. जाहिरातीला जागाच नव्हती. गाडीवर भाता घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडीसुद्धा वर्षानुवर्षं ठरलेल्या गावांना ठरलेल्या हंगामात यायचे, त्यामुळे त्यांनाही मागच्या वर्षीचा कोयता दाखवता यायचा.

घडवणारा आणि घेणारा लांब गेले की मधली जागा शब्दांनी भरावी लागते. महाराष्ट्रात हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते किर्लोस्करांनी, असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी मानत होते, आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. नांगर उत्तम होता, पण उत्तम असणं पुरेसं पडलं नाही. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. आज आपण ते मराठी नियतकालिकांच्या इतिहासात वाचतो, पण त्याचा जन्म कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला झाला होता. शंकरराव स्वतः चित्रकार. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या डिझायनरच्या नव्वद वर्षं आधी आपल्याकडे एक चित्रकार शेतीच्या अवजारांची जाहिरात करत होता. फरक एवढाच की या चित्रकाराच्या मागे स्वतःचा ओतकारखाना होता.

उलट्या दिशेचं उदाहरण स्वीडनचं आहे. ग्रेन्सफोर्स ब्रुक हा तिथला 1902 सालचा कुऱ्हाडींचा कारखाना. 1980 च्या दशकात तो डबघाईला आला असताना गाब्रिएल ब्रोन्बी नावाच्या माणसाने हाती घेतला. त्याच्या लक्षात आलं की कारागिरांचा बराच वेळ घडाई झाल्यानंतर पातं घासण्यात आणि रंगवण्यात जातो, आणि रंगाखाली घडाईतले दोष झाकले जातात. त्याने रंग बंद केला, पॉलिश बंद केलं. भट्टीतून जसं निघेल तसं काळपट पातं विकायचं, म्हणजे घडाईच नीट करावी लागणार. आणि प्रत्येक कुऱ्हाडीवर ती घडवणाऱ्या लोहाराने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ठोकायची. पुण्यात बसून ती कुऱ्हाड घेणाऱ्याला तो लोहार कधी भेटणार नाही, पण लोहाराला ठाऊक असतं की त्याचं नाव त्या कुऱ्हाडीबरोबर फिरतंय. अर्थात या अक्षरांचीही आता जाहिरात झाली आहे, आणि तसल्या एका कुऱ्हाडीच्या किमतीत आमच्या मामांचा भाता दोन-तीन महिने चालेल.

आणि ती घेतली तरी इथे चालेलच असं नाही. स्वीडनचा लोहार घडवतो पाइन आणि स्प्रूससाठी. ते मऊ लाकूड, त्यात पातळ गालांची कुऱ्हाड खोल शिरते. आमच्या बाभळीचं वाळलेलं लाकूड पाइनपेक्षा जवळपास दीडपट जड, आत गाठी. तिथे पातळ धारेचा टवका उडायचा धोका. म्हणून इकडच्या कुऱ्हाडीचे गाल जाड असतात आणि धारेचा कोन जास्त असतो. शहरी माणसाला ती ओबडधोबड वाटते.

मामांचीही बाजू फार चढवून सांगायला नको. भंगारातला पाटा कुठल्या जातीचा ते त्यांना अंदाजानेच कळतं. लाखो किलोमीटर खड्ड्यांतून फिरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. काही जातींचं कमानीचं पोलाद तेलात विझवायला हवं, मामा सगळ्यांना पाणीच देतात, आणि वर्षातून एखादं पातं तडकतं. टाटांच्या ‘अ‍ॅग्रिको’सारखी कारखान्यात दाबून घडवलेली फावडी, टिकाव घेतले तर ते नगाला नग सारखे निघतात, कारण तिथे भट्टीचं तापमान यंत्र सांभाळतं. आमच्याकडे फावडं टाटाचं आणि कोयता लोहाराचा असा सरळ हिशेब आहे, आणि तो मला पटतो. कोयता माणसाच्या हातासाठी, मनगटासाठी करून घ्यायचा असतो. तोडकरी बाई मामांना सांगते, “दादा, जरा हलका ठिवा, अन् मूठ बारीक.” असं कुठल्या कारखान्याला सांगणार?

आता दांडा. खोक्यातल्या दांड्याचा रंग मामांनी सुरीने खरवडला तेव्हा खाली लाकडाच्या रेषा तिरप्या धावत कडेला बाहेर पडलेल्या दिसल्या. रेषा दांड्याच्या लांबीला समांतर हव्यात. त्या मध्येच तुटल्या की दांडा तिथेच चिरणार. रंग होता म्हणून ते दिसलं नव्हतं. पात्यातलं दांडा घालायचं नेढंही सरळ भोकासारखं होतं. नेढं मध्ये किंचित आवळ आणि दोन्ही तोंडांना रुंद असलं की खालून घातलेला दांडा वरून पाचर ठोकल्यावर फुलतो आणि दोन्हीकडून अडकतो. सरळ नेढ्यात पाचर नुसती बसते, धरत नाही. टिकावाची युक्ती याहून सोपी. त्याचा दांडा एका टोकाला जाड, बारीक टोकाकडून वरून घालायचा, मग प्रत्येक घावासरशी टिकाव जाड टोकाकडे आवळत जातो. पाचर लागतच नाही.

डुगडुगणारी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची सवय आमच्या घरातही आहे. मामा त्यावर चिडतात. लाकूड फुगतं, नेढ्याच्या लोखंडाला दाबून स्वतःचेच तंतू चेपून घेतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. दांडा मुळात वाळलेला हवा. ओली बाभूळ तोडून लगेच दांडा घातला की दोन महिन्यांत ती आकसते. मामांच्या छपराला आढ्याशी बाभळीच्या दहा-बारा फांद्या टांगलेल्या आहेत. भात्याच्या धुरात वर्ष-दीड वर्ष वाळतात, मग दांडे होतात. सह्याद्रीकडचे लोक त्यासाठी धावडा घेतात, अमेरिकेत हिकरी. आमच्याकडे बाभूळ.

खोक्यातल्या पात्याचं काही होण्यासारखं नव्हतं. मामा म्हणाले, “लोखंडात कर्ब मी कुठून आणू?” मग त्यांनी एक जुनी तोड काढली. पातं धारेकडून छिन्नीने चिरलं, आत पाट्याची पट्टी घातली, टाकणखार टाकून भट्टीत पांढरं होईतो तापवलं आणि घणाने एकजीव केलं. मऊ अंगात पोलादी धार. त्यांच्या मुलाने घण मारला. तो एरवी रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीने जातो, त्या दिवशी सुट्टीवर होता. आता पात्यावर जोडाची एक काळसर रेघ दिसते. माझ्या दृष्टीने ती त्या छापील लाटांपेक्षा खरी.

बाभळीचा नवा दांडा बसला. मजुरी मी विचारली तेव्हा मामांनी चामड्याची म्यान हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “ही चांगलीय,” म्हणाले. “हिला शिवण हातानं हाय.” मजुरीतले पन्नास रुपये कमी करून त्यांनी ती ठेवून घेतली, स्वतःच्या कानशी ठेवायला. पट्ट्यापट्ट्यांचा दांडा मी घरी आणला. गोठ्याच्या फाटकाला तो अडसर म्हणून बरोबर बसतो, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात लांबूनही दिसतो.